राबाची राख आणि साष्टीची माती

१८८५ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. वरकरणी प्रश्न झाडांचा होता: डोंगर उघडे कोणी पाडले? वनखात्याचे बोट शेतकऱ्याच्या कोयत्याकडे होते. शेतकऱ्याचे म्हणणे असे की कोयता पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. डोंगर उघडे पडले ते अलीकडे, तेव्हा अलीकडे नवे काय आले ते पाहा. या वादाच्या मध्यभागी दोन अक्षरांचा एक शब्द होता, राब.

आजचा धागा त्या शब्दाविषयी आहे. तो थोडा लांबेल, कारण झाडांच्या भांडणाखाली दडलेला खरा प्रश्न मातीचा होता आणि मातीची गोष्ट घाईने सांगता येत नाही.

प्रथम भूगोल. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही सारी गावे तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होती. मुंबई उपनगर जिल्हा झाला तो १९२० मध्ये. साष्टी हे नाव ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावे यावरून आले असे मानतात. ती सगळी शेतीची गावे, आणि शेतीही कालपरवाची नव्हे. कान्हेरीच्या एका शिलालेखात भिक्षुसंघाच्या निर्वाहासाठी मंगलठाण गावातील शेत दान दिल्याची नोंद आहे. मंगलठाण म्हणजे बोरिवलीचे मागाठाणे. आज जिथे बसचे आगार आणि मेट्रोचे खांब आहेत, त्या परिसरातील जमीन पिकवून सुमारे अठरा शतकांपूर्वी कोणी तरी डोंगरावरच्या भिक्षूंना जेवू घालत होते.

आता त्या डोंगराकडे वळू. साष्टीचा कणा अग्निजन्य खडकाचा आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हा त्याचाच उघडा पडलेला स्तंभसमूह. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही लेणी छिन्नीने कोरलेली आहेत. पाण्याने विरघळून झालेल्या गुहा आपल्याकडे नाहीत. तसल्या गुहा चुनखडीच्या प्रदेशात होतात आणि त्या भूरूपाला कार्स्ट म्हणतात. इटलीतील त्रिएस्ते शहरामागच्या, आज बहुतांशी स्लोव्हेनियात असलेल्या पठाराचे हे नाव पुढे साऱ्या जगातील चुनखडीच्या मुलखांना मिळाले.

कार्स्ट मध्येच का आणला, असे विचाराल. मातीचा ऱ्हास कसा होतो, याचा जगातला सर्वांत उघडा धडा तिथे आहे म्हणून. चुनखडी जवळजवळ सगळीच पाण्यात विरघळून जाते; मागे जो थोडा गाळ राहतो, त्याचीच माती होते. एक सेंटिमीटर माती साठायला काही हजार वर्षे लागतात. वरचे झाड गेले की ही माती उतारावरून तर वाहतेच, शिवाय खडकाच्या भेगांतून खाली जमिनीच्या पोटातही गळते. चीनमधील ग्वेइझोउ प्रांतात १९५८ नंतर पोलाद वितळवण्याच्या भट्ट्यांसाठी प्रचंड जंगलतोड झाली. तिथे या अवस्थेला जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘दगडाचे वाळवंट होणे’ असा आहे. पाऊस भरपूर पडतो, तरी वाळवंट. कोकणी माणसाला हे कोडे नवे नाही.

त्या मातीत कॅल्शियम भरपूर असते. टंचाई नायट्रोजन आणि फॉस्फरसची असते. फॉस्फरस कॅल्शियमला चिकटून बसतो आणि मुळांना मिळत नाही. साष्टीच्या डोंगरउतारावर चित्र नेमके उलटे आहे, पण परिणाम तोच. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तो मातीतील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम धुऊन समुद्राला नेतो. न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतात, म्हणून माती तांबडी आणि आम्लधर्मी होते. या मातीत फॉस्फरस असतो, पण तो लोह-ॲल्युमिनियमच्या मिठीत अडकलेला. एकीकडे चुना फॉस्फरसला धरून बसतो, दुसरीकडे गंज. रोप दोन्हीकडे उपाशी.

नायट्रोजनची कथा मात्र दोन्हीकडे एकच. खडकातून तो जवळजवळ येत नाही. तो असतो कुजलेल्या पाल्याच्या काळ्या थरात, वरच्या चार बोटांत. तो थर गेला की नायट्रोजन गेला, आणि तो थर पहिल्या दोन-तीन पावसातच जाऊ शकतो. जूनच्या सुरुवातीला दहिसर नदीचे पाणी पाहिले आहे? त्या तांबूस गढूळ पाण्यातून जे वाहून जाते, ते जमवायला जंगलाला कित्येक पिढ्या लागलेल्या असतात.

मग या धुतल्या गेलेल्या उतारांवर झाडे कशी उभी राहिली? झाड हा एक पंप असतो म्हणून. त्याची मुळे कातळाच्या भेगांत खोल उतरतात, तिथे झिजणाऱ्या खडकातून कॅल्शियम-पोटॅशियम उचलतात, पानांत नेतात, आणि पानगळ झाली की तेच द्रव्य जमिनीच्या वरच्या थरात येऊन पडते. याचे सुंदर उदाहरण म्हणजे ऐन. ऐनाच्या सालीत कॅल्शियम इतके साठते की ती जाळून मिळणारी राख पानाच्या विड्याला चुना म्हणून लावण्याची चाल अनेक वनवासी समाजांत होती. चुनखडीचा मागमूस नसलेल्या डोंगरात विड्याचा चुना झाडाच्या सालीतून निघतो! मला या साऱ्या विषयातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. आणि राबासाठी सर्वांत पसंतीचे झाड कोणते? तेही ऐनच.

आता राब. भात सरळ शेतात न पेरता आधी रोपे तयार करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. रोपांची जागा लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे एकरभर भातासाठी चारेक गुंठे. या तुकड्यावर उन्हाळ्यात थर रचायचे. खाली शेणाच्या वाळल्या गोवऱ्या किंवा शेणकूट, त्यावर झाडांच्या छाटलेल्या डहाळ्यांचा पाला (काही भागांत याला कवळ म्हणतात), त्यावर वाळले गवत किंवा पेंढा, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. मातीचा थर अशासाठी की आग भडकू नये आणि राख वाऱ्याने उडू नये. मग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पेटवायचे. तो ढीग ज्वाळा न करता रात्रभर धुमसतो. पहिल्या पावसानंतर त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरतात.

हा पाला यायचा कुठून? भातखाचराच्या वरच्या अंगाला असलेल्या वरकस जमिनीतून. वरकस म्हणजे नाचणी-वरी पिकवण्याची, गवताची आणि राबाची उताराची जमीन. खाचर आणि वरकस ही जोडी होती. ती तोडली तर खाचराला अर्थ उरत नाही, हे गावात कोणाला समजावून सांगावे लागत नसे. पोषणद्रव्यांच्या भाषेत सांगायचे तर कित्येक एकर उतारावरच्या झाडांनी खोल कातळातून उपसलेले पोटॅशियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस चार गुंठ्यांत आणून ओतायचे, ही ती युक्ती. राख अल्कधर्मी असल्याने मातीची आम्लता तात्पुरती उतरते आणि लोहाच्या मिठीतला थोडा फॉस्फरसही सुटतो. नाजूक रोपाला पहिले तीन आठवडे नेमके तेच हवे असते.

या युक्तीला किंमत होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सेंद्रिय द्रव्यातील नायट्रोजन साधारण २०० अंश तापमानापासून वायुरूप होऊ लागतो. पाला आणि शेण जाळले की त्यांतला बहुतेक नायट्रोजन धुरातून जातो. म्हणजे डोंगर ज्याला मोताद, तेच आकाशाला दान. शिवाय पाला उतारावर पडून कुजलाच नाही, तर तिथला काळा थर पातळ होत जाणार. छाटणीनंतर झाडाला दोन-तीन वर्षे विश्रांती मिळाली तर ते सावरते. दरवर्षी छाटले तर खुरटते. वनखात्याच्या तक्रारीत तथ्य होते ते इथे. ते अधिकारी मूर्ख नव्हते. त्यांनी मोजले मात्र फक्त एका बाजूचे.

दुसरी बाजू अशी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ती घाटकोपर, भांडुप आणि मुलुंडच्या शिवारांतून. १८६० च्या दशकात पश्चिमेचा मार्गही आला आणि बोरिवली, पहाडी (म्हणजे गोरेगाव) व अंधेरी जोडली गेली. रुळांखाली स्लीपर लागले. वाढत्या मुंबईच्या चुलींना, भट्ट्यांना आणि चितांना लाकूड लागले, आणि ठाणे जिल्ह्याचे जंगल त्यांना सर्वांत जवळचे होते. जंगलाचे लाकूड ही बाजारी वस्तू झाल्यावर त्यावर मालकी सांगणे आलेच. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची व्यवस्था बसवली, आणि पूर्वी वहिवाटीचा हक्क असलेली कवळतोड ही परवानगीची बाब, अनेकदा गुन्हा, होऊन बसली. मोळी शहरात गेली तर तो व्यापार. डहाळी खाचरात आली तर ती नासधूस.

यात आणखी एक विपर्यास होता. वरकसचे क्षेत्र आक्रसले की उरलेल्या झाडांवरची छाटणी दाट होते. ज्या झाडाला तीन वर्षांनी हात लावायचा, त्याला दरवर्षी कोयता लागतो. मग ते खुरटे झाड पुरावा म्हणून दाखवता येते. ऱ्हासाचे कारण आणि ऱ्हासाचा पुरावा यांची अशी अदलाबदल इतिहासात पुष्कळदा होते. त्रिएस्तेच्या कार्स्ट पठाराबद्दलही ऐकीव कथा हीच: कोणी म्हणे व्हेनिसच्या जहाजांनी झाडे खाल्ली, कोणी म्हणे मेंढपाळांच्या शेळ्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रियन सरकारने तिथे काळ्या पाइनची लागवड केली, चरण्यावर निर्बंध घातले, आणि डोंगर हिरवे झाले. मेंढपाळांचे काय झाले, हे त्या हिरव्या डोंगराच्या चित्रात दिसत नाही.

राबाची वैज्ञानिक पारख सुरू झाली ती या भांडणातूनच. १८८९ ते १८९१ या काळात इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस फोल्कर भारतभर हिंडले. १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात राबाची चर्चा आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भारतीय शेतकरी अडाणी असल्याने शेण जाळतो हे मत त्यांनी खोडून काढले. जळण मिळत नाही म्हणून शेण जळते, असे त्यांचे म्हणणे. उपाय म्हणून गावाजवळ जळण आणि वैरणीची राखीव वने उभारा, असे त्यांनी सुचवले. वनखात्याचे काम शेतीला पोसण्याचे आहे, हा विचार त्या काळच्या सरकारदरबारी फारसा रुचणारा नव्हता.

यानंतर पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी न. वि. जोशी आणि ना. वि. कानिटकर यांच्यासह राबाचा स्वतंत्र अभ्यास केला आणि १९१२ मध्ये तो छापून आला. (हेच मान पुढे दख्खनच्या एका खेड्याच्या पाहणीमुळे अर्थशास्त्रात नावाजले, त्यांचे हे मातीचे काम मात्र कोणी फारसे आठवत नाही.) त्यांच्यापुढचा प्रश्न असा: गुण राखेचा की आगीचा? १९०९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवले होते की माती तापवली की तिच्यातील सूक्ष्मजीवांचा तोल बदलतो आणि झाडाला घेता येईल असा नायट्रोजन वाढतो. राबातही तेच घडत असल्याचे दिसले. राख हा निम्माच हिशेब. भाजलेली माती स्वतःच बदलते, तिच्यातील विरघळणारी पोषणद्रव्ये वाढतात, आणि तणाचे बी मरते ते वेगळेच. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जे केले, त्याचा खुलासा द्यायला प्रयोगशाळेला विसावे शतक उजाडावे लागले.

इथपर्यंत गोष्ट पाल्याची झाली. पण साष्टीच्या आणि तिच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून पोषणद्रव्ये खरोखर कायमची बाहेर गेली, ती दुसऱ्याच वाटेने. ती वाट गवताची.

मुंबईत घोडे होते, ट्रामचे, टांग्यांचे, लष्कराचे. आणि गोठ्यांतून म्हशी होत्या. त्यांची वैरण ठाणे जिल्ह्याच्या माळांवरून यायची. राबात पोषणद्रव्य उतारावरून खाचरात जाते, म्हणजे गावातच राहते. भाताचा पेंढा बैल खातो, शेण पुन्हा शेतात. गवताच्या गासड्या मात्र रेल्वेने शहरात जातात आणि परत काही येत नाही. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली संप केला, तेव्हा त्यांची एक मुख्य मागणी होती: ५०० पौंड गवत कापण्याला किमान अडीच रुपये मजुरी. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला. आपण त्या लढ्याचा इतिहास मजुरीचा आणि वेठीचा म्हणून वाचतो, आणि तो तसाच वाचला पाहिजे. पण त्या ५०० पौंडांचा आणखी एक हिशेब आहे. वाळल्या गवतात वजनाच्या सुमारे एक टक्का तरी पोटॅशियम धरले, तर ५०० पौंडांबरोबर दोन किलोंहून अधिक पोटॅशियम डोंगर सोडून जाते. हजारो गासड्या, दरवर्षी, अनेक दशके. या निर्यातीवर चौकशी आयोग कधी नेमला गेला नाही.

शहरात गेलेल्या त्या द्रव्याचे काय झाले? बराचसा भाग समुद्रात, आणि बाकीचा कचऱ्यात. कुर्ल्याहून चेंबूरला रेल्वेमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला तो मुख्यतः मुंबईचा कचरा वाहण्यासाठी. प्रवासी त्यावरून जाऊ लागले ते १९२४ पासून. १९२७ मध्ये देवनारची कचराभूमी सुरू झाली. साष्टीच्या एका टोकाच्या माळांचे सत्त्व तबेल्यांतून फिरून साष्टीच्याच दुसऱ्या टोकाच्या दलदलीत ढीग होऊन पडले. कोणी मुद्दाम योजना आखली असती तरी इतका उलटा व्यवहार सुचला नसता.

एकदाच हे चाक उलट फिरले. १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावला आरे दुग्धवसाहत सुरू झाली आणि शहरातील म्हशी तबेल्यांसह सुमारे १,३०० हेक्टर उताराच्या जमिनीवर आल्या. बाहेरून आलेली पेंड आणि वैरण म्हशी खात, दूध शहरात जाई, आणि शेण-मूत्र इथेच राही. गोठ्यांच्या धुवणाच्या पाण्यावर पॅरा गवत वाढवले गेले, ते पुन्हा म्हशींना. मातीला नायट्रोजन मिळाला, पण एकाच जागी आणि मर्यादेबाहेर. उपाशी माती आणि अजीर्ण झालेली माती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या पाड्यांवरचे वारली भात लावतच राहिले.

आणि राब? तो संपलेला नाही. ठाणे-पालघर-रायगडमध्ये एप्रिल-मेच्या संध्याकाळी आजही त्याचा धूर दिसतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या स्थापनेपासून म्हणजे १९७२ पासून राब टाळण्याचे उपाय सांगितले जात आहेत. त्यांत मला विशेष वाटते ती एन. के. सावंत यांची चारसूत्री पद्धत. पहिल्या सूत्रात भाताचे तूस अर्धवट जाळून केलेली काळी राख रोपवाटिकेत मिसळतात. तिच्यातून सिलिका आणि पोटॅश मिळतात. दुसऱ्यात बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला न जाळता चिखलात तुडवतात, म्हणजे त्यातील नायट्रोजन धुरात न जाता खाचरात राहतो. बाकीची दोन सूत्रे रोपांमधील अंतराची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्यांची. पहिली दोन मात्र राबाचीच दोन अंगे आहेत, वेगळी केलेली: राख निराळी, पाला निराळा.

खाजणे आणि खारबंदिस्ती यांचा विषय इथे मुद्दाम घेतला नाही. डोंगरावरून आलेला गाळ भांडुप-मुलुंडच्या खाडीकाठी कसा अडला आणि तिथे भाताऐवजी मिठागरे कशी आली, ते पुढच्या धाग्यात.